उभे चाक

जीप चिखलात रुतली की तिचे मागचे एक चाक फिरते आणि दुसरे उभे राहते. ज्या चाकाखाली पकड नाही ते वेड्यासारखे फिरू लागते, इंजिनाची सगळी ताकद तिकडेच वाहून जाते. ज्याच्याखाली दगड आहे, कडक माती आहे, ज्याच्या जोरावर गाडी निघू शकली असती, ते मात्र हलत नाही. यात बिघाड काही नसतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते आणि आतल्या चाकाला कमी, म्हणून मागच्या आसावरच्या दोन्ही चाकांना वेगवेगळे फिरायची मुभा दिलेली असते. चिखलात त्या मुभेचा फायदा रिकामे चाक उठवते.

यंदाचा भाद्रपद लागला आणि तिसऱ्याच दिवशी खापर गावाहून एकाने मोबाइलवर फोटो पाठवला. वरच्या पाड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा बुटका फरशीपूल पुन्हा वाहून गेला होता आणि नाल्यात एक गाडी तिरकी उभी होती. फोटोखाली चार ओळींचा मजकूर होता. मी आधी उभे चाक कोणते ते शोधले, त्याच्याजवळ कोणी बसलेले नाही याची खात्री केली आणि मग मजकूर वाचला. रुतलेल्या गाडीचा कोणताही फोटो मी याच क्रमाने पाहतो. ही सवय चार भाद्रपदांपासूनची आहे.

भाद्रपद म्हणजे खाली आणि वर दोन वेगळे महिने. खाली शहाद्याकडे कपाशीला फुले असतात, केळीच्या बागांतून दमट उकाडा उभा असतो, एसटी स्टँडवर शिळ्या चिखलाचा आणि डिझेलचा वास येतो. पाऊस थकलेला असतो. वर सातपुड्यात तो अजून कामावर असतो. सागाला पांढरट मोहोर आलेला असतो आणि तो ओल्या रस्त्यावर पडून चाकांखाली चिकटतो. मक्याची कणसे भरत आलेली असतात, अंगणातल्या मांडवावर काकड्या लोंबत असतात, बायका नाल्यात वाकून खेकडे धरत असतात. नवे धान्य शेतात दिसत असते, पण गावाने देवाला दिल्याशिवाय कोणी ते तोंडात घालत नाही. पोटात भूक आणि समोर पीक असा तो काळ असतो. त्या दिवसांत वर जायला जीपशिवाय काही नसते, आणि जीप रुतायची ती रुततेच.

रुतलेली गाडी काढण्याची तिथे एक पद्धत होती. कोणी कोणाला काही सांगत नसे. बायका कोंबड्या, बकऱ्या आणि मिठाच्या पिशव्या घेऊन पलीकडच्या काठावर जात. अंगाने भारी असलेले दोन पुरुष मागच्या पायरीवर, फिरणाऱ्या चाकाच्या बाजूला उभे राहत. त्यांच्या वजनाने ते चाक थोडे दबे. बाकीचे मागून ढकलत. आणि एक माणूस उभ्या चाकाशी बसे. फिरणाऱ्या चाकाजवळ हात न्यायचा नाही, हे तिथले तीन वर्षांचे पोरही जाणत होते. ते चाक दगड फेकते, बोट ओढते. उभ्या चाकाजवळ मात्र इंजिन कितीही ओरडत असले तरी निवांत बसता येई. चाकापुढची गाळाची भिंत हातांनी कोरायची, तिथे चपटे दगड बसवायचे, म्हणजे गाडीने उसळी घेतली की ते चाक त्या दगडांवर चढेल. हे काम त्या रस्त्यावर बहुतेक वेळा वेस्ता करायचा.

वेस्ता वरच्या पाड्यावरचा. चाळिशीचा, बारीक, कमी बोलणारा. उतारावरच्या शेतांना दगडी बांध घालण्यात त्याचा हात धरणारा त्या पाच-सहा पाड्यांत कोणी नव्हता. चुना, सिमेंट काही नाही, दगडावर दगड. दगड हातात घेऊन तो एकदाच फिरवायचा आणि ठेवायचा. ठेवलेला दगड पुन्हा उचलताना मी त्याला तोवर पाहिलेले नव्हते.

त्याची बायको जात्री अगदी उलट. तिच्या तोंडाला दार नव्हते. घरी ती तिची भाषा बोले, पण खापरच्या बाजारामुळे तिला अहिराणी चालकांच्या तोडीस तोड येत होती. आमच्या जीपचा चालक होता भटू, रनाळ्याचा. शेती भावाकडे, स्वतः जीपवर. मी शहाद्यात राहून जिल्ह्याच्या बातम्या पाठवायचो आणि वर जायचे तर भटूच्याच गाडीने.

चार वर्षांपूर्वीच्या त्या भाद्रपदात भटूने जीपच्या मागच्या आसाला लॉक बसवले होते. शहाद्याच्या एका मेकॅनिकने गुजरातच्या सीमेपलीकडून सामान आणून ते काम केले. आठवड्यापूर्वी भटूने मला गॅरेजसमोर थांबवून ते दाखवले होते. स्टिअरिंगच्या बाजूला एक बटण. दाबले की सीटखालचा छोटा कॉम्प्रेसर घुरघुरतो, मागे कुठेतरी टक असा आवाज होतो, पिवळा दिवा लागतो. मेकॅनिक हात पुसत म्हणाला होता, “चिखलात दाबायचं, डांबरावर सोडायचं. विसरला तर गाडी वळायला कुरकुर करेल.” मी सवयीने खोदून विचारले होते, आणि सवयीने लिहूनही घेतले होते. ती वही माझ्याकडे आहे. त्यात माझ्या अक्षरात वाक्य आहे : “लॉक दाबले की दोन्ही चाके एकच होतात. कोणतेही चाक उभे राहत नाही.”

म्हणजे मला माहीत होते.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. वरच्या शाळेचा रस्ता तुटला होता, त्याची बातमी करायला मी निघालो होतो. गाडीत बाजार करून परतणारी चौदा माणसे होती. वेस्ता आणि जात्री त्यांतलेच. जात्रीच्या काखेत न विकलेली एक कोंबडी होती आणि तिला कोणी घेतले नाही याबद्दल ती खापरच्या सगळ्या गिऱ्हाइकांना नावे ठेवत होती. फरशीच्या जागी नुसता गाळ होता, पलीकडे लाल मातीचा चढ. भटूने गाडी घातली आणि ती मधोमध बसली.

“भटू, तुन्ही गाडीले शिंगडे लाव,” जात्री म्हणाली. “मंग ती चढी.”

“काकी, तू उतर आधी. मंग आपोआप चढी.”

सगळे हसले आणि उतरले. मीही उतरू लागलो, तेव्हा भटू म्हणाला, “भाऊ, तुम्ही बठा. तुम्ही कसाले चिखलमा?” मी बसलो. खालून वर गेलेल्या माणसाला तिथे असे बसवून ठेवतात. आणि आम्ही बसतो.

उजवे चाक फिरत होते, डावे उभे होते. पायरीवर दोघे चढले. मागून लोक ढकलत होते. भटू उजव्या खिडकीतून मान काढून फिरणाऱ्या चाकाकडे पाहत होता. क्लचचा करपट वास येऊ लागला. पंधरा मिनिटे गेली असतील. भटूला बटणाची आठवणच नव्हती. वीस वर्षांची सवय हातात होती आणि बटण आठ दिवसांचे होते. आठवण मी करून दिली.

“भटू,” मी म्हणालो, “ते लॉक बसाडं ना तू? दाब ना मंग.”

तो स्वतःवरच हसला. ॲक्सिलरेटर सोडला. बटण दाबले. सीटखाली घुरघुर झाली, मागे टक झाले, पिवळा दिवा लागला. त्याने पहिला गिअर टाकला आणि गाडी एका दमात, कसलाही आवाज न चढवता, पलीकडच्या चढावर जाऊन उभी राहिली.

मागून आरोळी उठली. लोक टाळ्या वाजवत होते. पंधरा मिनिटांचे काम एका श्वासात झाले होते आणि मला जो आनंद झाला, तो मला अजून आठवतो, कारण तो अगदी निर्भेळ होता. मी हसत मागे वळलो.

वेस्ता गाळात गुडघ्यांवर बसलेला होता. तो ओरडला नव्हता. तो उजव्या हाताकडे पाहत होता, जसा माणूस वाटेत सापडलेली एखादी वस्तू पाहतो. हातावर लाल माती होती, म्हणून रक्त लगेच कळले नाही. मग त्याने आपण बसवलेल्या चपट्या दगडाकडे पाहिले आणि मला ऐकू आले ते असे, मराठीत : “दगड बरोबर बसला.”

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. पुढच्यांच्या थांबल्या, मागच्यांच्या चालू होत्या. मी अपघात पाहिले आहेत, पुरात वाहून आलेली गुरे मोजली आहेत, आणि प्रत्येक वेळी वही काढली आहे. त्या दिवशी वही काढली नाही. मी गाडीत डावीकडे बसलो होतो. डावे चाक माझ्याच बाजूला होते. खिडकीतून मान बाहेर काढली असती तर वेस्ता मला हातभर अंतरावर दिसला असता.

जात्रीने कोंबडी सोडून दिली. डोक्यावरचे फडके काढून तिने वेस्ताचा हात घट्ट बांधला. फडक्यातून बोटांचा आकार दिसत नव्हता. “दवाखाना,” ती म्हणाली. एवढेच. तिच्या तोंडून एकच शब्द आलेला मी त्या आधी ऐकला नव्हता.

दवाखाना खाली होता. म्हणजे तोच गाळ पुन्हा ओलांडायचा होता, आणि आता गाडी चढावरून फिरवून पुन्हा त्यात घालायची होती. लॉकशिवाय आणखी पंधरा मिनिटे, किंवा तासभर, किंवा संध्याकाळपर्यंत. भटूने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

“मी दाबाव नही,” तो म्हणाला. “भाऊ, मी ते तोडी टाकस. मी दखं नही. मी त्याले दखंच नही.”

वेस्ता मागच्या बाकावर हात छातीशी धरून बसला होता. डोंगरात तुम्ही, आपण असे काही नसते. सगळ्यांना तू. “भटू,” तो म्हणाला, “तू दाब.”

भटू हलला नाही. तेव्हा जात्री खाली उतरली. तिने तिच्या भाषेत काहीतरी म्हटले आणि सगळी माणसे चाकांपासून लांब, एका ओळीत जाऊन उभी राहिली. मग तिने आपले दोन्ही हात डोक्याच्या वर केले. ओळीतल्या सगळ्यांनी केले. पोरांनी केले, म्हाताऱ्यांनी केले. नाल्याच्या काठावर, पावसाच्या भुरभुरीत, ती माणसे रिकाम्या हातांनी उभी राहिली.

“भटू, मोज.”

भटूने खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढले आणि मोजू लागला. एक, दोन, तीन. तो मध्येच चुकला, त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजले. आम्ही तिघे गाडीत होतो. खाली जात्रीसह तेरा जण होते. सव्वीस हात भरले, तेव्हा त्याने बटण दाबले. गाडी गाळातून एका दमात बाहेर आली. ज्या यंत्राने हात चिरडला त्याच यंत्राने तो हात वेळेत खाली आणला, हे मी नंतर अनेकदा लिहून पाहिले आणि खोडले. ते खरे आहे, पण ते वाक्य फार लवकर समाधान देते.

जात्री धावत येऊन गाडीत चढली. डांबर लागले, तसा भटूने वेग वाढवला. पहिल्या मोठ्या वळणावर त्याने स्टिअरिंग फिरवले आणि जीप वळली नाही. पुढची चाके वळलेली, मागची दोन्ही एकजुटीने सरळ ढकलत असलेली. टायर किंचाळले, दरीच्या बाजूचे पांढरे दगड अगदी जवळ आले. पिवळा दिवा तसाच लागलेला होता. या वेळी मी ओरडलो, “लॉक! भटू, लॉक सोड!” त्याने सोडले. मागे टक झाले आणि गाडी शहाण्यासारखी वळली. म्हणजे योग्य वेळी ओरडायला मला येत होते.

खालच्या दवाखान्यात हात धुतला आणि पुढे नंदुरबारला पाठवले. मधली दोन बोटे गेली. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते. त्यांनी कागदावर हाताचे चित्र काढून जात्रीला समजावले, “अंगठा आणि हे बोट राहिलंय. म्हणजे धरता येईल.” जात्रीने विचारले, “दगड?” डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो की हा बांध घालतो. डॉक्टरांनी चित्राकडे पाहिले आणि म्हणाले, “लहान दगड.”

त्या संध्याकाळी मी बातमी पाठवली. शाळेच्या तुटलेल्या रस्त्याच्या बातमीला जोडून खाली तीन ओळी. “नाल्यात रुतलेली जीप बाहेर काढताना चाकाखाली हात सापडून एक जण जखमी झाला.” वाक्य तपासले. प्रत्येक शब्द बरोबर होता. जीप रुतलेली होती, ती बाहेर काढली जात होती, हात सापडला होता. कोणी दाबले, कोणी दाबायला सांगितले, कोणी खाली बसलेल्या माणसाला सांगितले नाही, यातले काहीच त्या वाक्यात यायला जागा नव्हती. वृत्तपत्रात आम्हाला शिकवतात की बातमीदाराने बातमीत दिसू नये. त्या दिवशी मी तो नियम पाळला, आणि अगदी सहज पाळला.

आश्विनात मी वर गेलो. मक्याची तोडणी चालू होती. जात्री आणि भाऊबंद तोडत होते, वेस्ता खळ्यावर बसून कणसे सोलत होता, डाव्या हाताने आणि उजव्याच्या तीन बोटांनी. हाताला नवी गुलाबी कातडी आलेली होती. त्याने मला बसायला सांगितले, भाजलेले कणीस दिले, आणि मग म्हणाला, “ते कसं होतं, ते मला दाखव.”

मी एक काठी घेतली. दोन्ही टोकांना दोन कणसे खोवली. ही चाके, हा आस. आधी मी ती सैल ठेवली. एक फिरवले, दुसरे राहिले. मग कणसाच्या सोपटाची, सालीची, दोरी करून दोन्ही कणसे काठीला आवळून बांधली. आता एक फिरवले की दुसरेही फिरले. वेस्ताने काठी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः फिरवली. पुढे, मागे. बराच वेळ.

“म्हणजे माझं चुकलं नाही,” तो म्हणाला.

“नाही.”

“आधी ते बरोबर होतं. उभं चाक.”

“हो. आठ दिवस आधीपर्यंत.”

त्याने काठी खाली ठेवली. “भटूला माहीत होतं?”

“त्याला सांगितलं होतं. पण त्याला तू दिसला नाहीस.”

“तुला माहीत होतं?”

मी हो म्हणालो. जात्री टोपली घेऊन येत होती, ती थांबली. वेस्ताने माझ्याकडे पाहिले. राग नव्हता. एखाद्या दगडाची बाजू पाहावी तसे पाहिले.

“बटणाचं काही नाही,” तो म्हणाला. “ते दाबायचंच होतं. तू सांगायचं होतं.”

मग त्याने पुढचे कणीस उचलले.

मी पुष्कळ लोकांची पुष्कळ विधाने लिहून घेतलेली आहेत. इतके काटेकोर विधान दुसरे नाही. त्यात वजाबाकी करायला काही नाही आणि भर घालायला काही नाही. मी त्याच्याकडे जखम पाहायला, मदत करायला, सहानुभूती द्यायला गेलो होतो. त्याला हवी होती ती फक्त माहिती, आणि माहिती पोचवणे हाच माझा धंदा होता.

भटूने दोन वर्षांपूर्वी जीप विकली. लॉकसकट. आता रनाळ्यात शेती पाहतो. भेटला की हवापाण्याचे बोलतो. वेस्ता बांध घालतो, डॉक्टरांनी सांगितले त्यापेक्षा मोठ्या दगडांचे. मात्र दगड दोनदा उचलतो. ठेवतो, पाहतो, पुन्हा उचलतो.

खापरहून तो फोटो आल्यावर दोन दिवसांनी मी वर गेलो. गाडी सीमेपलीकडच्या एका चालकाची होती, साधा पिकअप, त्याला लॉक-बिक काही नव्हते. योगायोग काही नाही, त्या रस्त्यावर नेहमी तीच माणसे असतात : जात्री होती, वेस्ता होता, आणखी नऊ जण होते. फरशीच्या जागी गाडी बसली. या वेळी मीही उतरलो. चालक म्हणाला, “साहेब, तुमी बेसो ने.” मी बसलो नाही.

मला वाटले होते की आता पूर्वीसारखी धावपळ होईल, कोणी पायरीवर, कोणी दगडाला. तसे झाले नाही. आधी सगळे लांब गेले. ओळीत उभे राहिले. दोन्ही हात वर केले.

चालक खिडकीतून पाहत राहिला. मग त्याला हसू आवरेना. “अरे, पोलीस आवी के शुं?”

“मोज,” जात्री म्हणाली.

“शुं गणूं?”

“हात. आधी मोज. मग कितीने चुकलास ते सांगते.”

यावर बाकीचेही हसले, पण हात कोणी खाली आणले नाहीत. मी शेजारच्या माणसाला हळूच विचारले की या गाडीला तर लॉक नाही, मग कशाला? तो विशीतला असेल. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की हा काय प्रश्न झाला. “मोजल्याशिवाय गाडी काढत नाहीत,” तो म्हणाला. वेस्ताचा अपघात झाला तेव्हा तो मजुरीला गुजरातेत असावा. त्याला पद्धत माहीत होती, कारण माहीत नव्हते. ते टिपायला मी वर केलेला एक हात खाली घेऊन खिशातून वही काढली.

चालक हसतहसत मोजू लागला. मोजता मोजता त्याचे हसू कमी झाले, कारण मोजायला लागले की माणूस पाहू लागतो. वेस्तापाशी तो थबकला. त्या तीन बोटांकडे त्याने पाहिले, मग पुढे गेला. शेवटी म्हणाला, “तेवीस.”

“बारा माणसं,” जात्री म्हणाली. “चोवीस पाहिजेत.”

सगळे थांबले. एक हात कमी होता. क्षणभर मला वाटले, प्रत्येकाने आधी वेस्ताकडेच पाहिले. त्याचे दोन्ही हात वर होते, कोपरापासून ताठ. मग ओळीतल्या माना एकेक करून माझ्याकडे वळल्या. पाऊस भुरभुरत होता, इंजिन चालू होते, गाडी थांबून होती.

मी वही चिखलात ठेवली आणि दुसरा हात वर केला.